जेल बंद केला म्हणजे नक्की काय केलं? २००० सालचा एक पेपर वाचताना

ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं म्हणताय, तर वाचनाच्या यादीत एक पेपर तुमच्यापुढे आज ना उद्या येणारच: पोल-हेनिंग काम्प आणि रॉबर्ट वॉटसन यांचा ‘जेल्स: कन्फायनिंग द ऑम्निपोटन्ट रूट’. २००० साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला ‘सेन’ परिषदेत तो मांडला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रीबीएसडी ४.० बाहेर पडली आणि तिच्यात जेल होता. पेपर लहान आहे, भाषा सरळ आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. पण बहुतेक जण तो वाचत नाहीत, फक्त त्याचा हवाला देतात. ‘फ्रीबीएसडी जेल प्रक्रियांना विलग ठेवतो’ एवढं एक वाक्य, पुढे चौकटी कंसात एक आकडा, आणि गाडी लगेच डॉकरकडे. आजची पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणाचा थोडा दोष मूळ पेपरकडेही जातो.

आधी पेपर काय म्हणतो ते बघू, कारण टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं त्याच्या बाजूने नीट मांडता यायला हवं. युनिक्समध्ये रूट हा सर्वशक्तिमान. एक तर तुम्ही रूट असता, नाहीतर नसता, मधलं काही नाही. एकाच मशीनवर दहा गिऱ्हाइकं बसवायची आणि प्रत्येकाला ‘मला माझ्या सर्व्हरवर रूट हवा’ असं म्हणायचंय, तर काय करणार? एक रस्ता असा की रूटच्या अधिकारांचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि ज्याला जेवढा लागेल तेवढाच तुकडा द्यायचा. लेखकांना हा रस्ता किचकट वाटतो, आणि तो किचकट आहेच. त्यांचा रस्ता वेगळा: अधिकार तोडायचे नाहीत, खोली बांधायची. खोलीत तू रूट, खोलीबाहेर तुला कोणी विचारत नाही.

अशी खोली युनिक्सकडे आधीपासून अर्धीमुर्धी होती. ‘सीएचरूट’ ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. पण ती फक्त फाइल्सपुरती. प्रक्रियेला फाइलवृक्षाचा एक भाग दाखवते, बाकी मशीन तसंच उघडं: शेजारच्या प्रक्रिया दिसतात, नेटवर्क सगळं हाताशी, आणि आतला रूट खरा रूट असेल तर त्याला बाहेर पडायच्या युक्त्याही जुन्याच. जेलने यात भर घातली. कर्नल प्रत्येक प्रक्रियेवर ‘ही अमुक जेलमधली’ अशी खूण ठेवतो. आतल्याला आतल्याच प्रक्रिया दिसतात. जेलला एक आयपी पत्ता दिलेला असतो, त्यापलीकडे त्याला कान लावता येत नाही. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे कर्नलमध्ये जिथे जिथे ‘तू रूट आहेस का’ असं विचारलं जातं, तिथे जेलमधल्या रूटला उत्तर आपोआप ‘नाही’ मिळतं. ज्या जागी ‘हो’ म्हणायचंय, तिथे प्रोग्रॅमरने मुद्दाम तसा झेंडा लावायचा. म्हणजे एखादी जागा विसरली तर नुकसान सोयीचं होईल, सुरक्षेचं नाही. हे वाचताना मला खरंच दाद द्यावीशी वाटली. पंचवीस वर्षांनंतरही या रचनेवर फारसं बोट ठेवता येत नाही.

दावाही आटोपशीर आहे. सीपीयू आणि मेमरीची न्याय्य वाटणी करून देतो असं लेखक म्हणत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी पेपरांमध्ये दावा मोठा आणि काम छोटं असतं. इथे उलट आहे.

मग तक्रार काय? पेपर भिंत कशी आहे ते सांगतो, ती कधी असते ते सांगत नाही.

असं बघा. ४.० मधला जेल एका आज्ञेने जन्माला येतो: फाइलवृक्षाचा रस्ता, यजमाननाव, आयपी पत्ता आणि आत चालवायचा पहिला प्रोग्रॅम. आतली शेवटची प्रक्रिया संपली की जेलही संपला. मशीन रीबूट झालं की सगळेच जेल गेले, कर्नलच्या आठवणीत काही उरत नाही. मग पुन्हा ती आज्ञा कोण देतं? २००० साली उत्तर होतं, तुमची तुम्ही स्क्रिप्ट लिहा. म्हणजे कर्नलच्या त्या देखण्या भिंतीचा अर्धा पाया कुठल्यातरी शेल स्क्रिप्टमध्ये, आणि त्या पायाला पेपरच्या सुरक्षेच्या युक्तिवादात जागा नाही. लेखक जेल तयार करून सुरू कसा करायचा ते सांगतात, पण कारभाराची बाब म्हणून. सुरक्षेची बाब म्हणून नाही.

मी माणमध्ये राहते. मुळशी तालुक्यातलं हे गाव. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा इथल्याच जमिनीवर उभा आहे. इथल्या कुठल्याही जुन्या माणसाला ताबा आणि नोंद यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. जमीन कसतोय कोण हा एक प्रश्न, सातबाऱ्यावर नाव कोणाचं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकच असली तर ठीक. वेगळी असली तर आज कोणाला काही जाणवत नाही, पण ज्या दिवशी कागद काढला जातो त्या दिवशी कळतं. जेलचंही तेच आहे. या क्षणी कोणता जेल चालू आहे हा ताबा, आणि तो कर्नलपाशी असतो. सुरू होताना कोणता जेल उठवायचा ही नोंद, आणि ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. प्रत्येक रीबूट म्हणजे कागद काढण्याचा दिवस: जुना ताबा रद्द, नोंदीप्रमाणे नव्याने वाटप. पेपर पूर्णपणे ताब्याबद्दल बोलतो.

आता नोंदीची बाजू. सिस्टिम्सच्या अभ्यासक्रमात ही जवळपास शिकवलीच जात नाही, म्हणून इथे जरा थांबते. फ्रीबीएसडीत ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘आरसी.कॉन्फ’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘जेल_एनेबल’ ही मुख्य कळ. मूळ किंमत ‘नो’, म्हणजे तुम्ही काही केलं नाहीत तर सुरुवातीला एकही जेल उठत नाही. हे चांगलं आहे. दुसरी कळ ‘जेल_लिस्ट’: उठवायच्या जेलांची नावं, मध्ये मोकळी जागा सोडून. प्रत्येक जेलचं वर्णन पूर्वी याच फाइलमध्ये असायचं. ९.१ पासून (२०१२) त्यासाठी ‘जेल.कॉन्फ’ ही वेगळी फाइल आली. तिच्यात जेलचा रस्ता, पत्ता, सुरू करताना आत चालवायची आज्ञा (बहुधा जेलचीच स्वतःची सुरुवातीची स्क्रिप्ट) आणि थांबवतानाची आज्ञा असते.

इथपर्यंत सरळ वाटतं ना? आता ‘बंद करा’ असं म्हणून बघा.

समजा मशीनवर तीन जेल आहेत: वेब, डेटाबेस आणि चाचणीचा एक. तुम्ही ‘जेल_एनेबल’ला ‘नो’ केलंत. काय झालं? या क्षणी काहीच नाही. तिन्ही जेल जसेच्या तसे चालू. नोंद बदलली, ताबा नाही. मग तुम्ही म्हणालात, आता थांबवू, आणि ‘सर्व्हिस जेल स्टॉप’ दिलंत. उत्तर येतं की जेल थांबवता येत नाही, आधी कळ ‘येस’ करा किंवा ‘वनस्टॉप’ वापरा. म्हणजे बंद करण्याची नोंद आधी केली, म्हणून बंद करण्याची नेहमीची आज्ञाच चालेना! यामागे तर्क आहे: जी सेवा नोंदीत नाही तिला ही यंत्रणा हात लावत नाही. पण पहिल्यांदा भेटणाऱ्याला तो कळणं अवघड. क्रम उलटा हवा, आधी थांबवा आणि मग नोंद बदला.

दुसरी वाट: कळ ‘येस’च ठेवायची आणि यादीतून एकेक नाव काढत जायचं. चाचणीचा काढला. डेटाबेस काढला. शेवटी वेबही काढला. यादी रिकामी. रिकामी यादी म्हणजे एकही नाही, असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटेल, गणितातही तसंच असतं. इथे मात्र रिकामी यादी म्हणजे सगळे. ‘जेल.कॉन्फ’मध्ये जे जे वर्णन केलेलं आहे ते सगळं पुढच्या बूटला उठेल. ‘आरसी.कॉन्फ’च्या मॅन पानावर हे एका वाक्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण गंमत अशी की जुन्या पद्धतीत, जेव्हा वर्णनंही ‘आरसी.कॉन्फ’मध्येच असायची, स्क्रिप्ट यादीतल्या नावांवरून एकेक करत जायची आणि रिकाम्या यादीचा अर्थ खरोखर ‘एकही नाही’ असाच होता. त्याच कळीचा तोच रिकामेपणा, आणि अर्थ नेमका उलटा झाला. जुनं ट्यूटोरियल वाचून नव्या मशीनवर काम करणाऱ्याने काय करावं?

अजून एक आहे, आणि हे सगळ्यात बारीक. ‘जेल.कॉन्फ’मध्ये एक जेल दुसऱ्यावर अवलंबून आहे असं लिहिता येतं. वेबला डेटाबेस लागतो, तर वेबच्या वर्णनात तशी ओळ घालायची. मग वेब उठवताना डेटाबेस चालू नसेल तर तो आधी आपोआप उठवला जातो. सोय छानच. पण तुम्ही यादीतून फक्त डेटाबेसचं नाव काढलं असेल आणि वेब ठेवला असेल, तर डेटाबेस पुढच्या बूटला वेबच्या हाताला धरून येणारच. यादीत नाव नाही, तरी जेल हजर. या यादीचा खरा अर्थ ‘हे उठव’ असा आहे, ‘बाकीचे उठवू नकोस’ असा नाही. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि सुरक्षेला दुसरं लागतं. पेपरमधला तो झेंडा आठवा: कर्नलमध्ये आपोआप ‘नाही’, आणि ‘हो’ मुद्दाम लिहायचं. कर्नलमध्ये इतक्या काळजीने पाळलेलं तत्त्व नोंदीच्या बाजूला पोहोचेपर्यंत गळून गेलं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तो काम्प आणि वॉटसन यांच्यावर कमी आणि नंतर ज्यांनी हा पेपर ‘विलगीकरण: सुटलेला प्रश्न’ म्हणून खिशात घातला त्यांच्यावर जास्त.

तुम्ही म्हणाल, हे सिस्टिम अॅडमिनचं काम झालं, यात संशोधन कुठे? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर तुमच्याच प्रयोगातून देते.

समजा तुमचा विषय कंटेनरमधल्या प्रोग्रॅमांचा वेग हा आहे. एका जेलमध्ये मोजमाप चालू आहे, आणि शेजारी मुद्दाम भोकं ठेवलेला चाचणीचा जेल, जो तुम्ही सोमवारी थांबवलात. थांबवलात म्हणजे ताबा काढला, नोंद राहिली. मंगळवारी रात्री मुळशीतला पाऊस, वीज गेली, यूपीएस अर्धा तास टिकला, मशीन पडलं आणि पहाटे आपोआप परत आलं. बुधवारी सकाळी तुम्ही लांबूनच लॉगिन करून मोजणी पुढे चालू केलीत. सोमवारचे आकडे एका परिस्थितीतले, बुधवारचे दुसऱ्या. आलेख काढाल तेव्हा मध्ये एक पायरी दिसेल, आणि तुम्ही तिचं कारण प्रोग्रॅममध्ये शोधत बसाल. शिवाय तो भोकं असलेला जेल नेटवर्कवर उघडा बसलेला आहे तो वेगळाच. मार्गदर्शकांनी विचारलं, ‘शेजारी काही चालू नव्हतं कशावरून?’ तर तुमच्याकडे उत्तर म्हणून काय आहे? ‘मी बंद केलं होतं.’ त्या वाक्यातल्या ‘बंद’चा अर्थ ठरलेला नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे.

आणि तिसराही अर्थ आहे, तो राहून जातो. जेल थांबवला, नोंदही काढली, तरी त्याचा फाइलवृक्ष यजमान मशीनवर साध्या फोल्डरसारखा पडून असतो. आतल्या रूटने तिथे सेटयूआयडी लावलेला एखादा प्रोग्रॅम ठेवला असेल आणि यजमानावरच्या साध्या वापरकर्त्याला त्या फोल्डरपर्यंत पोहोचता येत असेल, तर तो प्रोग्रॅम तिथून चालवला की खऱ्या रूटच्या अधिकाराने चालेल. जेल चालू असतानाही हा धोका असतो आणि मॅन पानात त्याबद्दल इशारा आहे. पण चालू असताना निदान माणसाचं लक्ष असतं. बंद केलेल्याकडे कोण बघतं?

तुलनेसाठी दुसरा पेपर घ्या: डॅनियल प्राइस आणि अँड्र्यू टकर यांचा सोलारिस झोन्सवरचा, लिसा २००४ मधला. जेलवरूनच स्फूर्ती घेतलेलं काम. पण त्यांनी झोनला अवस्था दिल्या: रचना लिहिलेली, बसवलेला, तयार, चालू. प्रत्येक अवस्थेला नाव आहे आणि एकीतून दुसरीत जायला ठरलेली आज्ञा. ‘झोन बंद आहे’ असं कोणी म्हटलं तर लगेच विचारता येतं, म्हणजे बसवलेल्या अवस्थेत आहे की नुसती रचना लिहिलेली आहे? प्रत्यक्ष सोलारिसमध्ये बूटला आपोआप उठायचं की नाही हा प्रत्येक झोनच्या रचनेतला वेगळा गुण आहे, आणि मुळात त्याची किंमत ‘नाही’ असते. एका झोनची गोष्ट त्या झोनच्याच कागदावर. मला हा पेपर जेलच्या पेपरइतका रंगतदार वाटत नाही. तो जड आहे, कंपनीचा पेपर आहे हे जाणवत राहतं. पण या एका बाबतीत तो पुढे आहे.

डॉकरकडे बघितलं तर तोच धडा पुन्हा शिकावा लागला. तिथे कंटेनरला ‘ऑलवेज’ असं पुन्हा सुरू होण्याचं धोरण देता येतं. असा कंटेनर तुम्ही हाताने थांबवलात तर तो थांबतो, पण डॉकरची मुख्य सेवा पुन्हा सुरू झाली की परत उठतो. २०१५ मध्ये १.९ आवृत्तीत ‘अनलेस-स्टॉप्ड’ नावाचं दुसरं धोरण आलं: माणसाने थांबवला असेल तर रीबूटनंतरही थांबलेलाच ठेवा. म्हणजे ताबा काढला ही गोष्टच नोंदीत लिहून ठेवायची. जेलमध्ये याच्या तोडीचं काही आपसूक होत नाही, दोन्ही कामं तुम्हाला वेगवेगळी करावी लागतात.

मग पेपर वाचताना नेमकं काय करायचं? मी पेन्सिलने क्रियापदांभोवती गोल करते. ‘रोखतो’, ‘दिसत नाही’, ‘परवानगी देत नाही’. प्रत्येकापुढे समासात एक शब्द: केव्हापासून? जेलच्या पेपरमध्ये जवळजवळ सगळ्या गोलांपुढे एकच उत्तर येतं, ‘जेलची आज्ञा दिल्यापासून’. मग ती आज्ञा कोण देतं, कुठल्या फाइलवरून देतं, ती फाइल कोण बदलू शकतं, असं मागे मागे जात राहायचं. दोन-तीन पावलांत तुम्ही पेपरच्या बाहेर पडता, आणि बरेचदा तिथेच संशोधनाचा प्रश्न उभा असतो. उदाहरणार्थ: ‘जेल.कॉन्फ’ आणि ‘आरसी.कॉन्फ’ वाचून, रीबूट न करता, पुढच्या बूटला नेमके कोणते जेल उठतील हे सांगणारं साधन लिहिता येईल का? रिकामी यादी, अवलंबून असलेले जेल, सगळं धरून? एम.टेक.च्या प्रकल्पाला पुरेल एवढं काम आहे. कुणी घेतलंत तर मला जरूर कळवा.

तोवर प्रयोगात स्वस्तातला उपाय. ‘जेएलएस’ ही आज्ञा चालू जेलांची यादी देते. प्रत्येक मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी ती यादी, मशीन कधीपासून चालू आहे ती वेळ, आणि दोन्ही कॉन्फ फाइल्सची प्रत निकालांच्याच फोल्डरमध्ये पडेल अशी दोन ओळींची स्क्रिप्ट जोडा. आणि मोजणी सुरू करण्याआधी एकदा मुद्दाम रीबूट करा. आधीची यादी आणि नंतरची यादी शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारख्या निघाल्या तर ताबा आणि नोंद जुळली. नाही निघाल्या, तर हे पावसाने दाखवण्याआधी तुम्ही बघितलंत.

एक जेल कायमचा काढायचा असेल तर क्रम असा: आधी तो थांबवा, वर्णन अजून फाइलमध्ये असताना. म्हणजे थांबवतानाच्या आज्ञा चालतील आणि आतला डेटाबेस नीट बंद होईल. वर्णन आधी पुसलंत तर जेल मारता येतो, पण नुसता मारला जातो, आतल्या प्रक्रियांना आवरायला वेळ मिळत नाही. मग यादीतून नाव काढा. ते शेवटचं नाव असेल तर यादी रिकामी न सोडता मुख्य कळच ‘नो’ करा. मग दुसरं कोणी त्याच्यावर अवलंबून नाही ना ते बघा, वर्णन काढा, आणि सगळ्यात शेवटी फोल्डर. त्यातल्या काही फाइल्सवर न बदलण्याची खूण असते, त्यामुळे नुसतं पुसायला गेलात तर अडेल. आधी ती खूण काढावी लागते.

पुढच्या पोस्टमध्ये ल्यूक म्यूबर्न यांचा नेटबीएसडीच्या ‘आरसी.डी’ रचनेवरचा २००१ चा पेपर घेणार आहे. जेलच्या पेपरनंतर वर्षभराने आलेला, आणि फ्रीबीएसडीची आजची सुरुवातीची व्यवस्था त्याच रचनेवरून घेतलेली. वर ज्या नोंदींबद्दल बोललो त्या वाचणारी यंत्रणा तीच. शक्य असेल तर आधी वाचून ठेवा, म्हणजे टिप्पण्यांमध्ये भांडता येईल.